पहिलं पाणी पाटच पितो

कांद्याच्या लागणी सुरू झाल्या की आमच्या वडगाव रासाईच्या वाऱ्याला ओला, तिखट वास येतो. उपटलेल्या रोपांचा. जुड्या ओल्या पोत्याखाली झाकून ठेवलेल्या, मुळांना अजून माती, आणि बाया चिखलात वाकून बोटानं एकेक रोप टेकवत पुढं सरकतायत. भीमेकडून आलेलं धुकं अजून बांधावरच रेंगाळलेलं. हे सगळं यंदाही परत आलंय. पण या वासाबरोबर मला दरवर्षी दुसराच एक वास आठवतो, आणि तो शेतातला नाही. मिथेनॉलचा. गोडसर, हलका, नाकाला फसवणारा.

हंगामाची आठवण हळुवार लिहायची असते म्हणतात. माझ्याच्यानं ते होणार नाही. चार वर्षांपूर्वीचा तो हिवाळा मी संतापात काढला, आणि त्यातला निम्मा संताप चुकीच्या पत्त्यावर पाठवला.

संताप करायला मी शिरूरला शिकले. कॉलेजात असताना संध्याकाळची गावाकडची एसटी बंद झाली आणि आम्हा मुलींचे शेवटचे दोन तास गेले. तेव्हा मी पहिलं पत्रक लिहिलं. एका थोरल्या कार्यकर्त्या बाईंनी ते वाचून अर्ध्याहून जास्त खोडलं. म्हणाल्या, "हे बघ पोरी. पहिल्या ओळीत कुणाचं काय गेलं ते सांग. दुसरीत कुणी नेलं ते सांग. तिसरीत कुठं जमायचं ते सांग. चौथी ओळ कुणी वाचत न्हाई." डेपोसमोर, मार्केट यार्डात कांद्याच्या ढिगांमधून फिरून आम्ही ती पत्रकं वाटली. महिन्यानं गाडी चालू झाली. त्या वयात एवढं पुरतं. जगातली कुठलीही गोष्ट तीन ओळींत बसते, असं मला वाटायला लागलं.

मग रसायनशास्त्रात एम.एस्सी. केली आणि दौंडजवळच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून लागले. रेल्वे कॉलनीच्या मागं एक खोली घेतली. पहाटे इंजिनं डबे जोडायची, ती धडक बसली की जाग यायची. प्रयोगशाळेत एक यंत्र होतं, त्याच्यावर माझा जीव जडला. कार्बन डायऑक्साइड, सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच, त्यात इतका दाबायचा आणि इतपत ऊबेत ठेवायचा की तो धड वायू राहत नाही आणि धड पाणी होत नाही. पळतो वायूसारखा, विरघळवतो पाण्यासारखा. त्यात थोडं मिथेनॉल, म्हणजे एक प्रकारचं स्पिरिट, आणि मिथेनॉलात थेंबभर अमाइन नावाचं रसायन. हे मिश्रण एका वीतभर पोलादी नळीतून रेटायचं. नळीला म्हणायचं कॉलम. कॉलममध्ये मैद्याहून बारीक पूड ठासलेली. या वाहत्या मिश्रणात औषधाचा नमुना टोचला की त्यातले घटक पुडीला कमीजास्त चिकटत पुढं जातात. कमी चिकटणारा आधी बाहेर येतो, जास्त चिकटणारा मागून. जो बाहेर येईल त्याचा संगणकाच्या पडद्यावर एक डोंगर उमटतो.

आमच्या औषधाची दोन रूपं होती, डाव्या आणि उजव्या हातासारखी. सगळं सारखं, फक्त एकमेकांची उलटी. एक औषध, दुसरं भेसळ. पडद्यावर दोन वेगळे, ताठ डोंगर आणि मधे सपाट मैदान दिसलं की काम फत्ते. यंत्राच्या मागं नळीच्या तोंडाशी, जिथं दाब सुटायचा, तिथं भर दुपारी पांढरं दव गोठलेलं असायचं. मी उगीच बोट लावून बघायचे.

हे यंत्र सकाळच्या पाळीला चालवायच्या सुनंदाताई. कॉलनीतच वाढलेल्या, वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. आठ वर्षं कंत्राटावर. काचेची बारकी कुपी अशा उचलायच्या की आत पाणी हलायचं नाही. दुपारच्या पाळीला अमोल, कायम नोकरीतला, हसरा. आणि दोघांच्या वर जगदाळे सर.

त्या हिवाळ्यात सुनंदाताईंचे डोंगर वाकायला लागले. सकाळच्या पहिल्या नमुन्यांत ते उशिरा उगवायचे, मागच्या अंगाला लांबलचक शेपूट सोडायचे आणि भेसळीचा बारका डोंगर त्या शेपटीत बुडून जायचा. तोच नमुना दुपारी अमोलनं टोचला की दोन्ही डोंगर ताठ. दर वेळी चौकशीचा फॉर्म निघायचा. त्यात कारणाची एक चौकट होती. तिच्यात दोनदा लिहिलं गेलं, 'मानवी चूक', आणि खाली नाव, सुनंदा. तिसरा फॉर्म टेबलावर पडला होता. तिसऱ्यांदा तेच लिहिलं गेलं तर मार्चमध्ये कंत्राट पुढं जाणार नाही, हे सरांनी मान खाली घालून सांगितलं होतं.

'मानवी चूक' हा शब्द मला आजही सहन होत नाही. यंत्र कंपनीचं, नियम कंपनीचे, वेळ कंपनीनं ठरवलेली, आणि चुकायची वेळ आली की एकदम माणूस आठवतो!

अमोल गमतीत म्हणायचा, "ताई, मशीन सकाळी तुमच्यावर रुसतं आन् दुपारी माझ्याशी गोड बोलतं. स्वभावाचा फरक हाय."

"व्हय का? मग ये की एकदा सकाळी. बघू तुझा स्वभाव."

"सहाला? आमची म्हातारी कोंबड्याला बी गप करती, पोरगं झोपलंय म्हणून."

ताई हसायच्या. एकदा म्हणाल्या, "नैवेद्य बंद झाला, तवापासून हे सुरू झालं." मी विचारलं, कसला नैवेद्य? तर त्यांच्याआधी तिथं एक काळेमामा होते, निवृत्त झालेले. त्यांची रीत अशी की सकाळची पहिली तीन इंजेक्शनं कुठंच लिहायची नाहीत. नमुना टोचायचा, डोंगर उमटू द्यायचा, बघायचंही नाही. ही तीन कॉलमला दाखवायची. चौथ्यापासून खरं काम. ताईंनीही तीच रीत चालवली. का, ते कुणी विचारलं नाही, आणि मामांनाही सांगता आलं नसतं. पुढं संगणकाची नवी व्यवस्था आली, टोचलेला प्रत्येक थेंब आपोआप नोंदला जायला लागला, आणि न लिहिलेलं इंजेक्शन म्हणजे लबाडी ठरली. बरोबरच होतं ते. औषधाच्या कामात लपवाछपवी नको. पण रीत गेली, आणि तिच्यामागं काय होतं ते कुणी शोधलं नाही.

मी काय केलं? पत्रक लिहिलं. 'आठ वर्षांची मेहनत एका चौकटीत गाडली!' अशी पहिली ओळ. दुसऱ्या ओळीत जगदाळे सर. तिसऱ्या ओळीत सकाळी गेटवर जमा. ते घेऊन मी ताईंच्या क्वार्टरवर गेले. त्या पायरीवर उन्हात वाटाणा सोलत बसल्या होत्या. मी खड्या आवाजात वाचलं. समोरच्या दारातली बाई धुणं पिळायची थांबली.

"भारी लिहितेस गं," ताई म्हणाल्या. "ऐकून माझी मलाच दया आली."

"मग लावू ना गेटवर?"

"आणि सरांनी विचारलं, की बाई, मग सकाळचे डोंगर का वाकतात? तर काय सांगू? पत्रक वाचा?"

मी पत्रक खाली घेतलं.

त्यांनी दोन शेंगा सोलल्या. मग हात मांडीवर उपडे ठेवून म्हणाल्या, "नोकरी जाईल, त्याचं बघू काहीतरी. पण कोमल, आता कुपी उचलताना मला माझ्याच हाताची शंका येते. काल दोनदा मोजून टोचलं, तरी वाटलं, चुकलंच असणार. आठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तेवढं परत मिळायला पाहिजे मला. पत्रकानं ते मिळणार आहे का?"

एवढं साधं आणि एवढं अवघड मागणं माझ्यापुढं कुणी ठेवलं नव्हतं. मी पत्रकाची घडी घालून पर्समध्ये टाकली. तिसरा फॉर्म त्या आठवड्यात भरायचा होता.

रविवारी गावाला गेले. आमच्याकडं लागण होती. कांद्याचे वाफे आधी भिजवायचे आणि त्या चिखलात रोप लावायचं, ही पद्धत. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, त्या वर्षी नवा पाट काढला होता, थेट विहिरीपासून खालच्या बांधापर्यंत. बाया शेवटच्या वाफ्यांशी जुड्या घेऊन बसलेल्या. त्या टोकाला मी खोरं घेऊन दारं धरायला उभी, म्हणजे पाणी आलं की वाफ्याचं तोंड उघडायचं आणि भरला की मातीनं बंद करायचं. मोटार सुरू होऊन तास झाला. पाणी काही येईना.

बायांमधली एक म्हणाली, "कोमल, मोर्चा काढ की पाण्यावर. तुझं ऐकतं म्हंत्यात समदं."

सगळ्या खिदळल्या. मला राग आला. मी तिथूनच ओरडले, "आप्पा, मोटारीत बिघाड आहे! नाहीतर वरच्या आळीनं वीज ओढली असणार. लाइट नीट देत नाहीत आणि बिलं मात्र…"

आप्पा पाटाच्या कडेनं सावकाश चालत आले. त्यांना घाई करताना मी कधी बघितलं नाही.

"मोटार बरी हाय," ते म्हणाले. "लाइट बी बरी हाय. पाट नवा हाय, कोरडा. पहिलं पाणी पाटच पितो. त्याचं पोट भरल्याबिगर फुडं सोडतोय व्हय?"

"पण तासभर?"

"दुपारी बघ. ह्याच पाटानं पाणी असं पळंल, की तुला दारं आवरायची न्हाईत. आन् मंग जो उभा असंल त्याला वाटंल, आपुन लई हुशार." मग माझ्या हातातलं खोरं बघून म्हणाले, "पहिल्या पाण्याला उभं ऱ्हातो, त्यालाच वाटतं आपलं कायतरी चुकतंय."

मी खोरं तसंच धरून उभी राहिले. पायाखालची माती कोरडी, भेगाळलेली, आणि पाटात दूरवर पाण्याची काळी जीभ वीत-वीत पुढं येत होती. थांबायची, बुडबुडे सोडायची, परत सरकायची. मला सकाळची पाळी दिसायला लागली.

आम्ही समजत होतो, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनॉल हे नुसते हमाल. नमुना पाठीवर घ्यायचा आणि पलीकडं पोचवायचा. पण हमालालाही टेकायला जागा लागते. नमुना टोचायच्या आधीच वाहतं मिथेनॉल पुडीच्या कणाकणावर जाऊन बसतं, थरावर थर धरतं. अमाइन तर जिथं औषध हटकून अडकायचं, नेमक्या त्याच जागा धरतं. या जागा भरलेल्या असल्या की औषध फार रेंगाळत नाही, वेळेवर बाहेर पडतं, डोंगर ताठ उमटतो. जागा रिकाम्या असल्या की औषधच तिथं अडकतं, उशिरा सुटतं, शेपूट सोडतं. आणि अमाइन थेंबभरच असल्यामुळं सगळ्या जागा भरायला त्याला तास न् तास वाहावं लागतं. पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात. परीक्षेत मी त्यावर पाच गुणांचं उत्तर लिहिलं होतं. पाचपैकी साडेचार मिळाले होते! पण ते उत्तर सुनंदाताईंच्या टेबलापर्यंत चालत आलं नाही. यंत्रावर राग काढता येत नाही म्हणून मी तो माणसांवर काढत बसले.

आमच्या नियमात लिहिलं होतं, कॉलम दहा मिनिटं वाहू द्या आणि काम सुरू करा. तो नियम दुसऱ्याच कुठल्या यंत्राचा, तसाच उतरवलेला. वर रोज संध्याकाळी काम संपलं की स्वच्छता म्हणून कॉलम कोऱ्या मिथेनॉलनं धुवायचा दंडक. म्हणजे दिवसभर बसलेलं अमाइन धुऊन लावायचं आणि सकाळी सुनंदाताईंच्या हातात परत कोरडा पाट द्यायचा. त्या सहा तास पाट भिजवायच्या. दुपारी अमोल यायचा आणि पाणी पळायचं. काळेमामांच्या तीन इंजेक्शनांत दैवी काही नव्हतं. ती टोचण्यात जो वेळ जायचा, तेवढ्यात निदान निम्म्या जागा भरायच्या.

त्या दिवशी शेवटच्या वाफ्यात पाणी आलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं. बाया उठल्या. मी चिखलात पाय घालून पहिली जुडी सोडली आणि वेड्यासारखी हसत होते. "पोरीला ऊन लागलं," कुणीतरी म्हणालं.

सोमवारी ताईंना सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे माझी सकाळ कॉलम पितो." मग बराच वेळ स्वतःचे तळहात बघत होत्या. "पण हे म्हणणं झालं. दाखवायचं कसं?"

दाखवायची युक्ती त्यांचीच. यंत्राला हात लावायचा नाही, नियम मोडायचा नाही, एकही थेंब लपवायचा नाही. फक्त माणसं बदलायची. अमोलनं सकाळी यायचं, ताईंनी दुपारी.

अमोल कुरकुरला. "ताई, थंडी बघा. माणूस हाय मी." पण आला. डोक्याला मफलर, डोळे अर्धे मिटलेले. दहा मिनिटं कॉलम वाहू दिला आणि पहिला नमुना टोचला. आम्ही तिघं पडद्यापुढं. डोंगर उगवायची वेळ झाली. उगवला नाही. मग उगवला, पुढून ताठ आणि मागं हे लांब शेपूट.

"आयला," अमोल म्हणाला. मफलर काढला. "माझा बी वाकला की."

"स्वभाव, दुसरं काय," ताई म्हणाल्या.

दुपारी ताईंनी तोच नमुना टोचला. दोन डोंगर, ताठ, मधे सपाट मैदान. त्यांनी कुपीचं झाकण लावलं आणि ती स्टँडमध्ये ठेवली. पाणी हललं नाही.

दोन्ही चित्रं एका कागदावर छापली. वर मी ओळ लिहिणार होते, 'दोषी कोण?' ताईंनी ती खोडली आणि लिहिलं, 'नमुना एकच. वेळ वेगळी. हात उलटे.' माझ्या आयुष्यात पाहिलेलं ते सगळ्यात चांगलं पत्रक.

जगदाळे सरांनी ते उभ्यानंच वाचलं. मग खुर्चीत बसून परत वाचलं. माझ्या पर्समध्ये त्यांच्या नावाचं जुनं पत्रक अजून होतंच, हात तिकडं जाऊ बघत होता.

"मोबाइल फेजचं ॲडसॉर्प्शन," ते पुटपुटले. म्हणजे तेच, वाहत्या मिश्रणाचं अधिशोषण. "मला हे माहीत आहे. मी शिकवलेलं आहे हे."

"मग नियमात का नाही, सर?" मी विचारलं. आवाज चढलाच.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ताईंकडं पाहिलं. "माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं, सुनंदा. सकाळी इथं कधी आलोच नाही मी." तिसरा फॉर्म पुढं ओढला, कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'कॉलमवर वाहत्या द्रावाचा समतोल होण्यास अपुरा वेळ, पद्धतीतील त्रुटी.' मग कपाटातून आधीचे दोन फॉर्मही काढायला लावले आणि त्यांची चौकशी परत उघडली.

दुसऱ्या ओळीत ज्या माणसाला मी ठेवलं होतं, तो एवढा वाईट नव्हता. एवढा चांगलाही नव्हता, आठ वर्षांत एकदाही सकाळी न येणारा. तीन ओळींत असली माणसं बसत नाहीत.

ताई राहिल्या. मार्चमध्ये कंत्राट पुढं गेलं. कायम मात्र त्या अजून झालेल्या नाहीत, आणि त्या भांडणात मी आहे, ते सोडलेलं नाही. नोकरी सोडून मी आता शिरूर आणि दौंडमधल्या कंत्राटी माणसांचंच काम करते. पत्रकं लिहितेच. फक्त आता लिहायच्या आधी पहाटे जाऊन उभी राहते. मार्केट यार्डात लिलावाच्या आधी झाडणाऱ्या बाया बघते, पहिली गाडी सुटायच्या आधी दौंडचा रूळ पायी तपासत गेलेले ट्रॅकमन बघते. यांचं काम कुठं दिसत नाही, कारण ते सगळं पाट भिजवण्यात जातं. दुपारी ज्यांचं पाणी पळतं त्यांचे फोटो छापून येतात. याचा मला संताप येतो आणि येत राहील. पण त्या हिवाळ्यानं एक खात्रीही दिली. जागा किती का असेनात, त्या मोजक्याच असतात. वाहणं थांबवलं नाही तर त्या भरतात. उगीच धीर द्यायला हे बोलत नाही मी, पडद्यावर बघितलंय.

माझ्या पत्रकाला आता चौथी ओळ असते. ते कसं घडलं, त्याची. थोरल्या बाई अजून म्हणतात, कुणी वाचत न्हाई. काहीजण वाचतात.

परवा लागणीच्या दिवशीच, मी शेतावर असताना, ताईंनी फोनवर एक फोटो पाठवला. प्रयोगशाळेच्या भिंतीवर, यंत्राच्या शेजारी, सकाळच्या पाळीचा नवा नियम चिकटवलाय. संध्याकाळी अमाइन धुऊन काढू नये. कॉलम तेच मिश्रण हळू वाहत ठेवून सोडावा. सकाळी लागोपाठचे डोंगर एकाच वेळी उगवेपर्यंत काम सुरू करू नये, आणि तोवरचं प्रत्येक इंजेक्शन 'कॉलम भिजवण्यासाठी' असं उघड लिहून नोंदावं. म्हणजे काळेमामांचा नैवेद्यच, फक्त आता सगळ्यांसमोर. नियम चार वर्षं कच्च्या मसुद्यावर चालला होता, आता पक्का झाला. मी फोटो मोठा करून खालचा कोपरा बघितला. तिथं एक चौकट होती. 'पद्धत तयार करणार.' आणि पुढं ताईंचं पूर्ण नाव, वडलांच्या नावासकट. त्या कंपनीच्या कागदावर हे नाव याआधी दोनदाच आलं होतं, आणि दोन्ही वेळा चुकीच्या चौकटीखाली.

मी फोन लावला. मागून यंत्राचा पंप ऐकू येत होता. "ताई, अभिनंदन!"

"थांब गं," त्या म्हणाल्या. "कॉलम भरतोय अजून. नंतर बोलते."

मी फोन ओढणीला पुसून ठेवला. पाट जुना झालाय आता, पण पाऊस संपल्यापासून वाळलेला. पाणी अजून लांब होतं. बायांनी जुड्या सोडल्या नव्हत्या. मी खोरं हातात घेतलं आणि शेवटच्या वाफ्याशी जाऊन उभी राहिले.